एकानं काय होतंय

माणूस गेला की त्याच्या फोटोपुढं त्याला आवडणारा पदार्थ ठेवायचा, ही रीत आमच्या भूमजवळच्या वाशीत बहुतेक घरांत आहे. कुणाच्या फोटोपुढं भजी असतात, कुणाच्या पुढं चहाची कपबशी. एका गृहस्थांच्या फोटोपुढं त्यांच्या मुलानं तंबाखूची पुडी ठेवली होती आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. प्रल्हादराव वाघमाऱ्यांच्या फोटोपुढं पेढे होते. परातभर पेढे, शेजारी मेणबत्ती आणि पांढरी फुलं. वंदना होऊन गेली होती, लोक पंगतीकडं वळत होते. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, पद्मीणबाईंनी, ती परात उचलली, अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत नेली आणि सगळे पेढे गटारात ओतले. रिकामी परात त्यांनी परत आणून थोरल्या दिराच्या हातात दिली.

"तुमची परात," त्या म्हणाल्या. "धुऊन न्या."

थोरले दीर म्हणजे अण्णा. त्यांनी परात घेतली, कारण हातात दिलेली वस्तू माणूस घेतोच. मग बाई शाळेत हजेरी घेताना जो आवाज लावायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "ह्यांना तुमी मारलं, अण्णा. मी तुमाला सोडणार न्हाय."

मी त्यांची शेजारीण आणि शाळेतली सहकारी. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका म्हणत होत्या की चार माणसांत थोरल्याची अशी शोभा करायला नको होती. मला तर बरं वाटलं. उशीर झाला एवढंच वाटलं. पहिला पेढा तोंडाशी आला तेव्हाच ती परात गटारात जायला हवी होती.

पद्मीणबाई बुटक्या, अंगानं वाळकुड्या, पण चालायच्या अशा की बरोबरच्याला पळावं लागे. त्यांचा आवाज कधी चढला नाही. वर्गात त्यांनी कुणाला छडी लावल्याचं मला आठवत नाही, मात्र पहिलीत जो पाटी विसरला त्याला त्या चौथीतही विचारायच्या, "आज आणलीस का रं पाटी?" विसरणं हा प्रकारच त्यांच्याकडं नव्हता. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी त्यांची नवीकोरी बादली नेली आणि चिरलेली परत केली. पद्मीणबाईंनी ती ठेवून घेतली. पण पुढं त्या बाई कधी चाळण मागायला आल्या, कधी विरजण मागायला आल्या, की पद्मीणबाई आत जायच्या, ती चिरलेली बादली आणून त्यांच्यापुढं ठेवायच्या आणि मग मागितलेली वस्तू हातात द्यायच्या. देत नव्हत्या असं कधी झालं नाही आणि बादली आणली नाही असंही कधी झालं नाही. त्यांचा डूख असा होता. घेणाऱ्याला नको व्हायचं आणि नाही म्हणायलाही जागा उरायची नाही.

प्रल्हादराव तहसील कचेरीत कारकून होते. गोरेपान, हसरे, कुणाचंही काम अडवून न ठेवणारे. कचेरीत असा माणूस असला की लोक पेढे आणतात. आमच्या भूम-वाशीकडं तर पेढ्याला निमित्त लागतच नाही. गावोगाव खव्याच्या भट्ट्या. सकाळच्या पारी दूध आटत असतं त्याचा वास पार शाळेपर्यंत येतो. पोरगं पास झालं, पेढे. बोअरला पाणी लागलं, पेढे. बदली झाली, पेढे. रद्द झाली, पुन्हा पेढे. त्यात प्रल्हादरावांना गोडाचं वेड. जेवण झालं की साखरेच्या डब्यात हात घालून चिमूटभर तरी तोंडात टाकल्याशिवाय त्यांचं जेवण पूर्ण व्हायचं नाही. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या. बाईंनी घरी येऊन साखरेचा डबा लोखंडी पेटीत टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवली. तेव्हापासून प्रल्हादराव रोज संध्याकाळी थोरल्या भावाकडं बसायला जाऊ लागले.

अण्णा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बाप लहानपणीच गेला, धाकट्याला ह्यांनीच वाढवलं. घरात गोड म्हणजे जयंतीला मिळणारा बुंदीचा एक लाडू. अण्णा आपल्या वाटणीचा न खाता खिशात घालून आणायचे आणि भावाला द्यायचे. नोकरी लागल्यावर जिथं ड्यूटी तिथली मिठाई कातडी पिशवीतून घरी यायची. कुर्डुवाडीची गाडी असली की बालूशाही, लातूरची असली की आणखी काही. ही गोष्ट अण्णा स्वतः सांगायचे तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. पद्मीणबाईंचे कधी भरले नाहीत. मी एकदा म्हणाले की माया होती हो त्यांची. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही.

अण्णांची भरवायची रीत मी स्वतः पाहिली आहे. ते पेढा ताटात ठेवायचे नाहीत. चिमटीत धरून थेट ओठाला लावायचे आणि हात तिथंच ठेवायचे. समोरच्यानं तोंड फिरवलं तर थोरल्याचा हात रिकामा मागं जाणार, आणि आमच्याकडं हे अपमानापेक्षा कमी नाही. मग म्हणायचे, "घे पल्ल्या. एकानं काय होतंय."

आधी अंगठा काळा पडला. मग पाऊल गेलं. मग सोलापुरात गुडघ्याखालून पाय काढला. त्या दवाखान्यात, पाय काढल्यावर आठवड्याच्या आत, उशी झटकताना पेढ्याचा पुडा खाली पडला. कुणी आणला हे विचारायची गरज नव्हती. बाईंनी तो पुडा उचलला, पर्समध्ये ठेवला आणि प्रल्हादराव गेल्यावरही कितीतरी दिवस तो तिथंच होता. पेढे दगडासारखे वाळले होते. मी म्हटलं, टाका की आता. म्हणाल्या, "असू दे. वास आला की राग ताजा ऱ्हातो."

असा राग घेऊन बसलेल्या बाईंना वर्षाच्या आत स्वतःची शुगर निघाली.

त्या दिवशी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज खाली गेलेला ऐकला. "सुनंदा, मला वाटायचं ह्यांच्यात जोर न्हाय. मन घट्ट केलं की झालं, त्यात काय एवढं. आता माझाच हात डब्याकडं जातोय. चार वाजले की जातोय. मी बघत ऱ्हाते अन् हात जातो."

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं, नाहीतर नवस बोललं असतं. बाईंनी पाळत ठेवली. साखरेला त्या सवत म्हणायच्या, "ती" म्हणायच्या. "ती आली होती आज," असं सांगायच्या, जशी एखादी बाई दारावर येऊन गेली. केव्हा येते, कुठून येते, कुणाबरोबर येते, हे त्यांनी हेरायला सुरुवात केली. सकाळी भरपूर काम असतं तेव्हा येत नाही. भाकरी-भाजी पोटभर खाऊन डबा संपवला त्या दिवशी उशिरा येते. हेडमास्तर काही टाकून बोलले की हमखास येते. आणि सगळ्यात जास्त येते ती शाळा सुटल्यावर, घराचं कुलूप काढून आत गेलं की. कारण त्या वेळी दोन कप चहा व्हायचा. प्रल्हादराव कचेरीतून चहापुरते येऊन खुर्चीत बसायचे, आणि आता खुर्ची रिकामी.

"ती भुकेला येत न्हाय," बाई म्हणाल्या. "रिकामी जागा दिसली की येती."

हे उमगल्यावर त्यांनी बंदोबस्त केला. शाळेतून घरी जायच्या आधी माझ्याकडं यायचं. मूठभर भाजलेले हरभरे, वर लिंबू पिळलेलं, नाहीतर वाटीभर दही. मग चालायचं, पार तलावाकडच्या रस्त्यापर्यंत. ती खुर्ची त्यांनी स्वयंपाकघरातून उचलून अंगणात नेली. आणि तरीही ती आलीच, तर पाव तास दम धरायचा. "दारात उभी ऱ्हाती, कडी वाजवती. उघडलं न्हाय की जाती. कायमची बसत न्हाय ती कुठं," असं त्या मला अगदी शत्रूची खोड सापडल्याच्या आनंदात सांगायच्या. पेटीचं कुलूप त्यांनी काढून टाकलं. साखरच घरात आणायची नाही, मग कुलूप कशाला. ते काढताना मात्र एक बोलल्या ते माझ्या कायम लक्षात आहे. म्हणाल्या, "कुलूप लावून मीच ह्यांना अण्णाच्या दारात धाडलं. माझ्या वाटणीचं मी भोगते. अण्णाच्या वाटणीचं अण्णानं भोगायचं."

अण्णांना अजून काही झालेलं नव्हतं. म्हणून बाईंनी हात साफ करून घेतला तो दुसऱ्यांवर.

पहिली पाळी आली बसस्टँडवरच्या बप्पांची. बप्पांच्या हॉटेलावर पाटी होती: गुळाचा चहा, शुगरवाल्यांसाठी खास. आमच्याकडं हा समज इतका पक्का आहे की शहाणीसुरती माणसं त्यात बुडतात. साखर वाईट, गूळ औषधी. रसाचं गुऱ्हाळ लागलं की शुगरवालेच पुढं. प्रसादाला तर कुणी गोड धरतच नाही. शिऱ्याचा गोळा हातावर आला की तो देवाचा, त्याला शुगर कशी असेल? प्रल्हादराव कचेरीतून दिवसाला चार-पाच वेळा त्या पाटीखाली बसायचे, हे बाईंना ते गेल्यावर कळलं.

एका रविवारी त्या शुगर मोजायचं मशीन घेऊन हॉटेलात गेल्या, मला बरोबर घेऊन. गिऱ्हाइकांच्या देखत बोट टोचलं, आकडा सगळ्यांना दाखवला. मग बप्पांचा खास चहा मागवला, प्यायल्या आणि तासभर त्याच बाकावर बसून राहिल्या. बप्पा म्हणत होते, मास्तरीणबाई, अहो गूळ हाय त्यो, रसायन न्हाय त्यात. तास भरला तसं बाईंनी मशीन काढलं. पुन्हा बोट टोचलं. आकडा वर चढलेला होता, तो त्यांनी बाकाबाकावर फिरून दाखवला. गिऱ्हाइकांतल्या दोघांनी अर्धे प्यालेले ग्लास खाली ठेवले.

बप्पा वरमून म्हणाले, "माणसं मागतात म्हून करतो, बाई. एका कपानं काय होतंय?"

ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्यानंतर महिनाभर बाई शाळा सुटली की त्याच बाकावर येऊन बसायच्या, बिनसाखरेचा चहा मागायच्या आणि गुळाचा चहा मागणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "तुमचे दोन्ही पाय हायत का?" बप्पांनी शेवटी पाटीचा खालचा अर्धा भाग रंगानं पुसून टाकला. गुळाचा चहा अजून मिळतो. खास कुणासाठी ते लिहिलेलं नाही.

दुसरी पाळी आमच्या हेडमास्तरांची, आणि त्यात मीही सापडले. बाईंनी कुंपणावर गुडमारीचा वेल लावला होता. बार्शीच्या नर्सरीतून आणलेला. साधी हिरवी पानं. पण पान चावून तोंडात घोळवलं की अर्धा तास जिभेला गोड म्हणून कळत नाही. आंबट कळतं, खारट कळतं, फक्त गोड नाहीसं होतं. हेडमास्तरांना मुलगी झाल्यावर त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे आणले आणि बाईंच्या पुढं पुडा धरून, हसत हसत, तेच वाक्य म्हणाले. बाई म्हणाल्या, घेते की. पण आधी माझ्याकडचं पान सगळ्यांनी घ्यायचं, मुलीच्या आनंदाचं. सगळ्यांनी पानं चावली. कडवट होती, पण आनंदाचं म्हटल्यावर कोण थुंकणार. मग पेढे वाटले गेले.

मी तो पेढा कधी विसरणार नाही. तोंडात ओला खडू धरल्यासारखं झालं. तुपकट, पिठूळ, गिळवेना. मी आधी पुड्याकडं बघितलं, मग बाकीच्यांकडं. आमचे एक सर खिडकीशी जाऊन हळूच रुमालात थुंकले. पेढा हेडमास्तरांचा, तक्रार कोण करणार. त्यांनी स्वतः खाल्ला तेव्हा त्यांचा चेहरा पडला आणि भट्टीवाल्यानं फसवलं म्हणून ते तावातावानं निघाले, तेव्हा बाईंनी सांगितलं. "पेढा चांगलाय सर. त्याचं गोड तेवढं बाजूला काढलं. उरलं ते हे."

हेडमास्तर पुढं सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. पण पुडा पुन्हा कधी स्टाफरूममध्ये आला नाही. मी बाईंना विचारलं की हे औषध आहे का. त्या म्हणाल्या, औषध डॉक्टरचं, गोळ्या डॉक्टरच्या. हे पान फक्त तिच्या तोंडावरचा पदर ओढतं.

एवढं सगळं होत होतं तरी मला ठाऊक होतं की बप्पा काय किंवा हेडमास्तर काय, ही वरवरची कामं. बाई थांबल्या होत्या अण्णांसाठी. भाऊ गेल्यावर अण्णांचं गोड दुप्पट झालं होतं, हे गावात सगळ्यांना दिसत होतं. आधी भावाला भरवायचे. आता दोघांच्या वाटणीचं स्वतः खायचे. शुगर निघाली. मग टाचेला जखम झाली आणि ती भरेना. ही बातमी मी बाईंना सांगितली तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "कुठल्या पायाची टाच?" मी म्हटलं, डाव्या. "ह्यांचा बी डावाच," एवढं बोलून त्यांनी पुढची वही उघडली.

आणि एका दुपारी रिक्षा दारात थांबली. अण्णा उतरले, टाचेला फडकं बांधलेलं, हातात काठी. बाईंनी अंगणात नेऊन ठेवलेल्या त्याच खुर्चीत ते बसले. दुसरी खुर्चीच नव्हती तिथं. मी कुंपणाशी होते. बाईंनी मला हातानं आत बोलावलं. त्यांना साक्षीदार हवा होता असं मला वाटलं.

अण्णांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी इन्सुलिन लावलंय. तोंड आवरलं नाही तर पाय काढावा लागेल म्हणालेत. आणि तोंड आवरत नाही. घरात सगळे आहेत, पण ते थोरले. ताटात मागितलं की सून वाढते, नातू दुकानातून आणून देतो, नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

"मला न्हाय म्हणणारं घरात कुणी न्हाय, पद्मीण," अण्णा म्हणाले. "समद्यांची माया हाय माझ्यावर. राग करणारी तू एकटी हायस. म्हून आलो."

बाईंनी वाकून टाचेवरचं फडकं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सुनंदा, पाव किलो पेढे आण. ताजे बघून."

मी गेले आणि आणले. कशाला ते विचारलं नाही. वाटेत माझ्या मनात आलं की आज फिटणार, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्यानं पाय काढलेल्या माणसाच्या उशाखाली पेढे ठेवले त्याच्यासाठी मी कशाला हळहळू?

परत आले तेव्हा अण्णा पान चावत होते. बाईंनी कुंपणावरची तीन-चार पानं तोडून दिली होती आणि ते निमूट चावत होते, औषध समजून. बाईंनी पुडा उघडला, एक पेढा चिमटीत धरला आणि अण्णांच्या ओठाला लावला. हात तिथंच ठेवला.

"घ्या अण्णा," त्या म्हणाल्या. "एकानं काय होतंय."

अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. आपलं वाक्य त्यांनी ओळखलं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्या बाईनं काय ठरवलंय हे आपल्याला कळलं असंच त्यांना वाटलं असणार. आणि तरी त्यांनी तोंड उघडलं. आपल्याला मारायला धरलाय असं वाटत असतानाही त्या म्हाताऱ्यानं पेढ्यासाठी तोंड उघडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून गोडाला मी नुसती सवय म्हणत नाही.

त्यांनी चावलं. मग थांबले. जीभ फिरवली, परत चावलं.

"माती हाय ही," ते म्हणाले. "काय घातलंस ह्यात?"

"घातलं काय न्हाय. गोड तेवढं काढून घेतलं. ऱ्हायलं ते नीट चावा. ह्याच्यासाठी गेला तुमचा भाऊ."

अण्णांनी तो घास हातावर काढला आणि त्याच्याकडं बघत बसले. बाईंनी दुसरा पेढा उचलला आणि पुन्हा ओठाला लावला. त्यांनी तोंड मिटलं तरी हात मागं घेतला नाही. अण्णा मान हलवत होते, बास म्हणत होते, आणि बाई पेढा धरून उभ्या होत्या, अण्णा धरायचे तसाच. पेढा ओठाला घासून त्यांच्या सदऱ्यावर भुगा पडला. शेवटी अण्णांनी त्यांचं मनगट धरलं आणि हात बाजूला सारला. समोर आलेला पेढा दूर केला तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केला असावा. मग ते रडले. बाई शेजारी उभ्या राहिल्या. पाणीसुद्धा दिलं नाही.

रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मरायचं असलं तर घरी जावा, तिथं लई मायाळू माणसं हायत. जगायचं असलं तर उद्या चारला इथं या. मी तुमाला मरू देणार न्हाय, अण्णा. मेलं की सुटतंय माणूस. ह्यांच्याबिगर जगायचं कसं असतंय ते मी बघितलंय. आता तुमी बघा. दोनी पायांवर उभं ऱ्हाऊन बघा."

अण्णा दुसऱ्या दिवशी आले.

पुढचे महिने बाईंनी त्यांना पिडलं, दुसरा शब्द नाही. जखम भरेपर्यंत चालायचं नव्हतं, म्हणून चार वाजता रिक्षातून यायचं आणि प्रल्हादरावांच्या खुर्चीत बसायचं. हरभरे, दही, पाव तास दम. त्या पाव तासात अण्णा चिडायचे, शिव्या द्यायचे, हात थरथरायचा. पहिल्या दिवशी हात थरथरला तेव्हा बाईंनी आधी मशीन काढून शुगर बघितली, कारण इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर खालीही येते आणि मग साखरच द्यावी लागते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आकडा खाली नव्हता. मग त्या समोर बसून वह्या तपासायला लागल्या. त्यांच्या घरी जाऊन सुनेला दम दिला. खिसे बघितले. एकदा मिशीवर बुंदीचा कण दिसला, तेव्हा त्या आत गेल्या, भिंतीवरचा प्रल्हादरावांचा फोटो काढून आणला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला. दिवेलागण होईपर्यंत अण्णा तो फोटो धरून बसले होते. मला ती चिरलेली बादली आठवली.

नातवाच्या साखरपुड्यात तर बाई चक्क पुरुषांच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या पत्रावळीवर डावा हात आडवा धरून. मुलीकडचे व्याही जिलेबी घेऊन आग्रहाला आले आणि वाकून म्हणाले, एकानं काय होतंय. बाई काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "पाय जातो, पाव्हणं. माझ्या भावाचा गेला." व्याह्यांनी जिलेबी मागं घेतली. मी बाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी काही हलेल. त्या पत्रावळीवरच्या भातात आमटी कालवत होत्या.

जखम भरली. पाय राहिला. मग चालणं सुरू झालं, तलावाच्या रस्त्यानं, रोज. अण्णा पुढं, बाई मागं. गाव म्हणायला लागलं की दीर-भावजयीत समेट झाला, वाघमाऱ्यांच्या घरात पुन्हा गोडी आली. मला हसू यायचं. गावाला बाई कधी कळल्याच नाहीत.

माझी बदली परंड्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्या दोघांबरोबर चालायला गेले. अण्णांचं वजन उतरलं होतं, काठी सुटली होती. बाई तशाच, तीच पर्स काखेत. तलावाचा सांडवा दिसायला लागला तिथं अण्णा थांबले. ते म्हणाले की कालच्या तपासणीत शुगर नीट आली, डॉक्टरांनी पाठ थोपटली. मग पाठमोरेच, तलावाकडं बघत, त्यांनी विचारलं.

"पद्मीण, आता तरी माफ केलंस का मला?"

बाईंनी पर्स एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. तो पुडा अजून आत होता की नव्हता, ते मी कधी विचारलं नाही.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "चाला."

आणि अण्णा दोन्ही पायांवर चालायला लागले.